श्रीमती मेरी कूम्स : एक स्मरण

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील घरोघरच्या माता पगाराच्या किंवा उसाच्या बिलाच्या पैशांची मांडणी कशी करतात, हें आम्हीं लहानपणापासून पाहात आलों आहों. आधीं देणें, मग किराणा, मग शाळेची फी व औषध. एक पायरी चुकली कीं महिनाअखेर सारेंच कोलमडतें. संगणकाची आज्ञावली लिहिणें हेंहि याच जातीचें काम होय. म्हणूनच सन 2022 च्या 28 फेब्रुवारीस, वयाच्या 93 व्या वर्षीं निवर्तलेल्या श्रीमती मेरी कूम्स यांचें चरित्र, त्या दूरदेशीच्या असूनहि, आम्हांस परकें वाटत नाहीं.

त्यांचा जन्म सन 1929 मध्यें लंडन शहरीं झाला. महाविद्यालयांत त्यांचा विषय फ्रेंच भाषा हा होता, गणित नव्हे. सन 1952 मध्यें त्या जे. लायन्स आणि कंपनीच्या कचेरींत कारकुनीस लागल्या. चहाचीं दुकानें व बेकऱ्या चालविणाऱ्या या कंपनीनें आपल्या हिशेबासाठीं ‘लिओ’ नांवाचा संगणक स्वतःच बांधला होता. सन 1951 मध्यें त्यानें बेकरीचा हिशेब केला. व्यापाराचें नित्याचें काम करणारा तो जगांतील पहिला संगणक मानला जातो. त्यावरील कामासाठीं घेतलेल्या परीक्षेंत मेरी निवडल्या गेल्या, आणि व्यापारी आज्ञावली लिहिणारी पहिली स्त्री म्हणून आज त्यांचें नांव घेतलें जातें.

कामगारांचा पगार काढणें हें लिओचें मोठें काम. तास, दर, कर व कापणी हीं सर्व जमेस धरून एका माणसाचा पगार काढण्यास अनुभवी कारकुनास आठ मिनिटें लागत. लिओ तेंच दीड सेकंदांत करी. परंतु यंत्रास स्वतःची अक्कल नसते. ‘इतके तास भरले तर असें, न भरले तर तसें’ हें सर्व माणसानेंच आधीं लिहून द्यावें लागे, आणि यंत्राची स्मरणशक्ति इतकी तोकडी होती कीं एकहि आज्ञा वायां घालवितां येत नसे. पुढें दुसऱ्यांच्या आज्ञावलींतील चुका शोधून त्या दुरुस्त करणें हें कामहि मेरीबाईंकडे आलें. त्यांची एक चूक राहिली असती, तर कोणा गरिबाच्या घरीं त्या आठवड्यास पैसे कमी पोंचले असते!

सन 1955 मध्यें त्यांचा विवाह झाला. त्यांची कन्या ॲन ही गंभीर अपंगत्व घेऊन जन्मास आली. तिच्या शुश्रूषेसाठीं सन 1964 मध्यें त्यांनीं पूर्ण वेळेचें काम सोडलें. तथापि संगणकाच्या माहितीपुस्तकांचें संपादन त्या थोडा वेळ काढून करीतच राहिल्या. ॲन अवघ्या सहा वर्षांची असतां गेली. त्या दुःखानें त्या मातेचें अंतःकरण मिटलें नाहीं. पतिपत्नींनीं तीन मुलें दत्तक घेऊन वाढविलीं, आणि पुढें मेरीबाई शिक्षिकाहि झाल्या.

अशा चरित्रास ‘त्यागमूर्ति’ म्हणून हात जोडणें सोपें आहे. आम्हांस मात्र विचारावेंसें वाटतें, कीं मूल आजारी पडलें असतां काम सोडण्याची पाळी आईवरच कां यावी? त्याच देशांत श्रीमती स्टेफनी शर्ली यांनीं सन 1962 मध्यें, मुलेंबाळें असलेल्या स्त्रियांना घरीं बसून आज्ञावली लिहितां यावी म्हणून एक कंपनी काढली. बुद्धि वायां जाऊं न देण्याचा मार्ग काढूं म्हटलें तर निघतो, हें त्यांनीं दाखविलें.

आज दौंडहून आगगाडीनें व शिरूरहून एस.टी.नें कितीतरी मुली संगणकाच्या शिक्षणासाठीं पुण्यास जातात. भगिनींनो, गणितांत आपली गति नाहीं म्हणून मागें सरूं नका. मेरीबाई फ्रेंच शिकल्या होत्या. आणि बंधूंनो, उद्यां आपल्या घरीं पाळणा हालला म्हणजे त्याची दोरी ओढण्याची पाळी वांटून घ्या. तेवढें केलेंत, तरी आपल्या घरांतील एका स्त्रीचें अर्धें राहिलेलें काम पुरें होईल.