घर माझे, हक्क तिघांचा

बँकेच्या कर्ज विभागात असताना मी असंख्य घरांची कागदपत्रे तपासली. कुणी टाळाटाळ केली की म्हणत असे, "घर मनाने घ्यावे, पण कागदाने तपासावे." मात्र स्वतःचे घर विकायची वेळ आली, तेव्हा अपुरा कागद माझाच निघाला.

सांगलीतील तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट 1998 साली माझ्या व पत्नीच्या नावे निम्मा-निम्मा घेतलेला. चार वर्षांपूर्वी ती गेली. इमारतीला लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरू लागलेले; म्हणून तळमजल्यावरचे लहान घर घेण्याचे ठरवले. सोसायटीच्या दप्तरी पत्नीचा नॉमिनी मीच होतो आणि शेअर सर्टिफिकेटही माझ्या एकट्याच्या नावावर झाले होते. घर सर्वस्वी माझे, या समजुतीत मी निश्चिंत होतो. खरेदीदाराच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारले, "मुलांच्या सह्या?"

मी खजील झालो. नॉमिनी म्हणजे विश्वस्त, मालक नव्हे, हे मीच खातेदारांना किती वेळा बजावले होते! 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. पत्नीने मृत्युपत्र केले नव्हते. त्यामुळे तिचा निम्मा हिस्सा मी, मुलगा आणि मुलगी यांच्यात समान वाटला जाणार. व्यवहार 60 लाखांचा; त्यातले 40 लाख माझे, मुलाचे 10 आणि मुलीचे 10.

आप्तांनी सुचवले, "मुलीकडून हक्कसोडपत्र घ्या, ती काय नाही म्हणणार?" मी तिला फोन केला. ती एवढेच म्हणाली, "अण्णा, सही कुठं करायची तेवढं सांगा." तिने काहीच विचारले नाही, हेच मला बोचले. मी हक्कसोडपत्राचा विचार सोडला. विक्रीच्या दस्तावर तिघांनीही विक्रेते म्हणून सह्या केल्या.

पुढचे मात्र बँकेच्या शिस्तीने पार पाडले. खरेदीदार परिचित होते. काही रक्कम रोख देऊ म्हणाले. मी नम्रपणे नकार दिला. घरविक्रीत 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तासाठी त्यांनी किल्ली आधी मागितली. कर्जाची रक्कम खात्यात येईपर्यंत मी ताबा दिला नाही, मूळ कागदही दिले नाहीत. किंमत 50 लाख वा अधिक असल्याने खरेदीदाराने एक टक्का कर कापला. तो तिघांच्या पॅनवर हिश्शाप्रमाणे जमा झाल्याची खात्री केली. नफ्यावरील करात सवलत हवी तर दुसरे घर विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावे लागते, बांधायचे असल्यास तीन वर्षांत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खरेदी झाली नाही, तर ती रक्कम बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी.

पैसे जमा झाले त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. काही क्षण ती बोललीच नाही. मग म्हणाली, "अण्णा, आईचा वाटा पोचला."

वाचकहो, घर विकायचे नसले तरी आपले कागद एकदा काढून पाहा. नॉमिनीच्या रकान्यातले नाव आणि वारसांची नावे एकच आहेत का, ते तपासा. नवे घर घेतल्यावर मी पहिले काम केले ते मृत्युपत्राचे.