टोपास

मुंबईत मस्जिद बंदरला, गोदीच्या अंगाला, इंडियन सेलर्स होम म्हणून एक इमारत आहे. तिच्यात एक स्मारक आहे. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात जे खलाशी मेले आणि ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही, अशा दोन हजारांवर माणसांचं. हिंदुस्थानातले, एडनचे, पूर्व आफ्रिकेतले. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या हजारो खलाशांच्या नावांची वहीही तिथंच. तिची दुसरी प्रत चितगावला.

गेटवे बघायला रोज जत्रा असते. इथं कोण फिरकत नाही. सहा डिसेंबरला आपली लाखो माणसं दादरला येतात. दादरहून मस्जिद बंदर लोकलनं वीस-पंचवीस मिनिटं. पण तिकडं जावं असं कुणाला वाटत नाही, कारण तिथं आपलं काय आहे असं कुणी सांगितलेलंच नाही. मला तिथं एका शब्दानं नेलं. तो शब्द टोपास.

माझ्या आत्याचे सासरे गोदीत होते. म्हातारा कुणावर भडकला की म्हणायचा, "टोपास साला!" मला वाटायचं ही मुंबईची शिवी आहे. मग कळलं की हा हुद्दा आहे. बोटीवरचा हुद्दा. साहेबाच्या कंपनीच्या आगबोटीवर हिंदी माणसं शिडीसारखी लावलेली असत. वर सारंग, खाली टंडेल, त्याखाली खलाशी. इंजिनात आगवाले आणि कोळसेवाले. स्वयंपाकाला भंडारी. डेकवर आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, कच्छी. भट्टीपाशी पंजाबी, पठाण, सिल्हेटचे. साहेबाच्या जेवणघरात गोव्याचे किरिस्ताव. आणि सगळ्यांच्या खाली टोपास. त्याच्या हातात झाडू आणि बादली. संडास त्यानं धुवायचा, न्हाणी त्यानं धुवायची, वादळात गोऱ्या मडमा ओकल्या तर तेही त्यानंच पुसायचं. एकूण हिंदी खलाशाला गोऱ्या खलाशाच्या पगाराचा तिसरा, चौथा, कधी पाचवा हिस्सा मिळायचा. त्यातही टोपास तळाला.

हॉब्सन-जॉब्सन नावाचा एक जुना इंग्रजी कोश आहे, १८८६ सालचा. माझं शिक्षण दहावीपर्यंत, इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो, तेव्हा असले कोश मी गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचतो. त्यात दिलंय की टोपास हे आधी पोर्तुगीजांचं रक्त सांगणाऱ्या काळ्या किरिस्तावांना म्हणत, आणि त्यातही शिपायांना. पुढे तोच शब्द बोटीवरच्या झाडूवाल्याला आला. म्हणजे बंदूक धरणाऱ्याचं नाव झाडू धरणाऱ्याला चिकटलं. शब्दाचीसुद्धा बदली झाली, आणि ती खालच्या खात्यात.

आता बघा. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं शास्त्रानं सांगितलं. बामणानं समुद्र वर्ज्य केला. मग जिथं शास्त्रच नाही, देऊळ नाही, पाणवठा नाही, चारी बाजूला नुसतं खारं पाणी, तिथं जात कशी पोचली? तिला कुणी तिकीट काढून दिलं? साहेबानं दिलं. त्याला बोट स्वच्छ पाहिजे होती आणि भांडण नको होतं. बंदरावर मुकादम होताच. त्यानं ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या जागी उभं केलं. गावकुसाबाहेरचा माणूस बोटीवर चढला तो गावकूस सोबत घेऊनच.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. गिरणीचं नाव सांगत नाही, पोटाचा प्रश्न आहे. कामाला लागलो त्या दिवशी आम्ही पाच पोरं होतो. जॉबरनं आडनावं विचारली. चौघं साच्यावर गेली. मला म्हणाला, "तू आधी महिनाभर संडासाकडं बघ, मग बघू." महिन्याचे तीन झाले. तेव्हा टोपास मला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

हे नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाईखात्यात घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. आपलं तोंड लागलेला धोटा वरच्या जातीचा कामगार हातात धरणार नव्हता. विणाईत पगार जास्त, म्हणून आपण सुताईत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. लाल बावट्याखाली सगळे एक म्हणता, मग विणाईचं दार आधी उघडा. साच्यावर आणि बोटीवर एकच हिशेब चालला होता. दोन्हीकडं वाफेचं इंजिन विलायतेहून आलं आणि माणसं लावायची पद्धत इथलीच ठेवली.

गिरणीचं आणि समुद्राचं दुसरं नातंही आहे, ते आपण विसरू नये. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' तळावरचे नाविक उठले. वाईट अन्न आणि साहेबाच्या शिव्या, हे निमित्त. २२ फेब्रुवारीला त्यांच्यासाठी गिरण्या बंद पडल्या. परळ, लालबागला कामगार रस्त्यावर आले. गोळीबारात दोनशेवर माणसं मेली. त्या उठावाचं स्मारक कुलाब्याला २००१ साली झालं. परळला पडलेल्यांची नावं मात्र मला अजून कुठल्या दगडावर वाचायला मिळालेली नाहीत.

तर गेल्या सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आलो आणि सात तारखेला सकाळी मस्जिद बंदरला उतरलो. पूर्वेला गेलो. मालाच्या ट्रका, हातगाड्या, मिरचीचा खकाणा. विचारत विचारत इमारतीपाशी पोचलो तर समोर परांची बांधलेली. हिरवी जाळी वरपासून खालपर्यंत सोडलेली. वॉचमन म्हणाले, "दुरुस्ती चालू आहे. आत कुणाला सोडत नाही." मी म्हटलं, "काका, लांबून आलोय. नुसती नावं बघायची आहेत." "अरे बाबा, नावं पळून जात नाहीत. काम झाल्यावर ये." माणूस चांगला होता. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण फाटक काही उघडलं नाही.

मी बसलो. तेवढ्यात आतून एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन आली. राडारोडा फेकला. माझ्या गळ्यात निळा रुमाल होता. तो तिनं बघितला आणि म्हणाली, "जय भीम, दादा. दादरहून आलाव का?" परभणीकडची. नवरा आत गिलावा करत होता. मी विचारलं, "ताई, आत काय आहे?" ती म्हणाली, "लिवलेलं हाय म्हनं लई. इंग्लिश हाय. आमाला काय वाचता येतंय? खराब व्हू नाही म्हून प्लास्टिक बांधलंय आमी त्याच्यावर."

मी गप्पच झालो. शंभर वर्षांपूर्वी आपला माणूस बोटीवर झाडू घेऊन चढला. आज स्मारकात आपली बाई घमेलं घेऊन जाते. नाव वाचायला आलेला बाहेर बसलाय, आणि जी आत जाते तिला शाळेनं आत घेतलेलं नाही. ती म्हणाली, "तुमचं कुणी हाय का दादा आत?" मी म्हटलं, "असेल." ती म्हणाली, "मग नीट बांधते प्लास्टिक." आणि गेली.

तिथंच बसून मी मोबाईल काढला. युद्धात मेलेल्यांच्या कबरी सांभाळणारं ब्रिटिशांचं एक कमिशन आहे, १९१७ साली स्थापन झालेलं. मेलेल्यांत हुद्दा, वंश, धर्म बघायचा नाही, सगळ्यांना सारखं, हे त्याचं तत्त्व. नावांची यादी सगळ्यांना बघता येते. नाव, हुद्दा, बोट, तारीख. कुठं कुठं बापाचं नाव आणि गावही. हुद्द्याच्या जागी मी टोपास हा शब्द टाकला. आणि माणसं आली. एकामागून एक. टोपास. टोपास. टोपास. अंगावर काटा आला.

१ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. १९२७ साली बाबासाहेब गेले तिथं. त्या खांबावर २२ नावं आपली आहेत हे आपण कशावरून ओळखतो? नावाच्या शेवटी 'नाक' आहे त्यावरून. इथं नावावरून पत्ता लागत नाही. नुसतं एकच नाव, पुढं आडनाव नाही. इथं हुद्दा वाचावा लागतो. कोरेगावचा महार बंदूक घेऊन मेला म्हणून आपण छाती काढून सांगतो. टोपास बादली घेऊन मेला. टॉर्पेडो लागला तेव्हा पाणी भट्टीत शिरलं तसं संडासातही शिरलं. त्याला आपण शहीद म्हणणार का? हा प्रश्न मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही. आपल्यालाच विचारतो. शौर्याचा हिशेब करताना आपणही हुद्दाच बघतो की काय?

आणि तत्त्वाचं म्हणाल तर त्याच कमिशनचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये बाहेर आला. पहिल्या महायुद्धातल्या पंचेचाळीस ते चोपन्न हजार आशियाई-आफ्रिकी माणसांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीनं केलं नाही, आणि किमान एक लाख सोळा हजार माणसांची नावंच लिहिली नाहीत किंवा त्यांची आठवणच ठेवली नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. इंग्लंडच्या मंत्र्यानं पार्लमेंटात माफी मागितली. साहेबानं शंभर वर्षांनी का होईना, वही उघडली. आपल्या इकडं टोपास हुद्दा नेमला कुणी, त्यावर जातीचीच माणसं भरली कुणी, याची वही कोण उघडणार?

ही जुनी गोष्ट नाही. स्वातंत्र्यानंतरही हा हुद्दा नौदलात होता. आता नाव बदललं. २०२३ ची अग्निवीर एमआरची जाहिरात बघा. दहावी पास. तीन कामं: शेफ, स्टुअर्ड, हायजिनिस्ट. हायजिनिस्ट म्हणजे संडास-बाथरूमची स्वच्छता. वरच्या एसएसआरला बारावी पाहिजे, गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन. माझा धाकटा भाऊ दहावी पास आहे. सायन्सला घालायला घरात पैसे नव्हते.

तो फॉर्म भरतो म्हणतो. मी त्याला टोपासची सगळी कथा सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, आता सगळ्या जातीची पोरं भरत्यात हा फॉर्म. आणि तू गिरणीत काय करतोस? रात्रपाळीला कापूस खातोस. तिथं निदान वर्दी हाय. चार वर्षं का हुईना, पगार बँकेत येतोय." आई त्याच्या बाजूनं. मला उत्तर सुचेना. खोटं तो काहीच बोलला नव्हता. शेवटी मी एवढंच म्हटलं, "भर. पण बारावीचाही फॉर्म भर. गणिताच्या क्लासची फी मी देतो, ओव्हरटाइम करून." तो म्हणाला, "दोन्ही भरतो." सध्या आमच्या घरात एवढंच ठरलंय.

आता तुमच्यासाठी काम. भाषण नाही, काम आहे. प्रत्येक शाखेत मोबाईल आहे, इंग्रजी वाचणारं एक तरी पोरगं आहे. त्या यादीत बसा. हुद्द्याच्या जागी टोपास टाका. गाव दिलंय ती नावं वेगळी काढा. आपल्या तालुक्यातलं गाव निघालं तर त्या वस्तीत जाऊन म्हाताऱ्यांना विचारा, घरातला कुणी बोटीवर गेला होता का, परत आला नाही असा. मिळेल ते मराठीत लिहा. जात उगाच चिकटवू नका. पुरावा असेल तेवढंच. तो मुसलमान निघाला, किरिस्ताव निघाला, भंगी निघाला, मांग निघाला, तरी नाव लिहा. बादली सगळ्यांच्या हातात एकच होती.

१ जानेवारीला कोरेगावला येताना ती वही सोबत आणा. खांबावरची नावं वाचून झाली की ही पण मोठ्यानं वाचू. हुद्द्यासकट वाचू.

जय भीम.