परक्या गावातलं घरचं मैदान

घरातला माणूस चार दिवसांसाठी परगावी जातो आणि चार महिने परतत नाही, तेव्हा त्या घरात काय होतं? जेवताना एक पाट रिकामा राहतो. मुलं आधी रोज विचारतात, ‘बाबा कधी येणार?’ मग हळूहळू विचारेनाशी होतात. हे विचारेनासं होणंच आईला जास्त टोचतं. फौजेतल्या, जहाजावरच्या किंवा दूरच्या नोकरीवरच्या माणसांच्या घरांना ही ताटातूट नवीन नाही. पण २०२० साली करोनाच्या साथीत ती एका अख्ख्या क्रीडासंघाच्या वाट्याला आली.

हा संघ न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातला, नाव वॉरियर्स. खेळ रग्बी लीग. दोन्ही बाजूंना तेरा-तेरा खेळाडू. चेंडू छातीशी धरून समोरच्यांच्या भिंतीत घुसायचं आणि समोरच्यांनी त्याला कवेत घेऊन जमिनीवर आणायचं. आपल्याकडच्या कबड्डीतली पकड ज्याने पाहिली आहे, त्याला हा खेळ फार परका वाटणार नाही. वॉरियर्स १९९५ पासून ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक स्पर्धेत खेळतो. २०२० साली स्पर्धेतल्या १६ संघांपैकी ऑस्ट्रेलियाबाहेरचा हा एकटाच. परगावचा सामना म्हणजे त्यांच्यासाठी परदेशचा सामना. पण सिडनीचं विमान तीन-साडेतीन तासांत पोहोचतं, त्यामुळे खेळून लगेच घरी परतायचं, ही वर्षानुवर्षांची सवय.

त्या सवयीनेच संघ १४ मार्च २०२० रोजी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला पहिला सामना खेळला आणि ०-२० असा हरला. त्याच दिवशी न्यूझीलंड सरकारने जाहीर केलं, की परदेशातून येणाऱ्या जवळपास प्रत्येकाने १४ दिवस विलगीकरणात राहायचं. घरी गेलं तर पुढचा सामना बुडणार. संघ ऑस्ट्रेलियातच थांबला आणि पुढच्या आठवड्यात गोल्ड कोस्टच्या रिकाम्या मैदानावर खेळला. तोही सामना हरला. २३ मार्चला स्पर्धाच थांबली आणि खेळाडू घरी परतले. दोनच दिवसांनी न्यूझीलंडमध्ये कडक टाळेबंदी सुरू झाली.

पोटाचा प्रश्न

सामने नाहीत म्हणजे दूरदर्शन वाहिन्यांचा पैसा नाही आणि तो पैसा नाही म्हणजे पगार नाही. व्यावसायिक खेळाचा संसार असा हातावर पोट घेऊनच चालतो. या खेळाचा जन्मही पोटाच्याच प्रश्नातून झाला होता. १८९५ साली उत्तर इंग्लंडमध्ये गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या खेळाडूंची सामन्यामुळे बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही, यावरून वाद पेटला. ‘द्यावी’ म्हणणारे क्लब हडर्सफील्ड गावी जमले आणि जुन्या संघटनेतून बाहेर पडले. त्यांच्यातूनच पुढे रग्बी लीग हा वेगळा खेळ उभा राहिला.

सव्वाशे वर्षांनंतर प्रश्न तोच होता. २८ मेपासून स्पर्धा पुन्हा सुरू करायचं ठरलं, पण १६ संघ असतील तरच दर आठवड्याला ८ सामने होणार. वॉरियर्स आले नाहीत, तर सगळी घडी विस्कटणार. सीमा मात्र बंद होत्या. अखेर ऑस्ट्रेलिया सरकारने खास परवानगी दिली आणि ३ मे रोजी एक खास विमान संघाला घेऊन टॅमवर्थला उतरलं. टॅमवर्थ हे कंट्री संगीतासाठी आणि प्रचंड सोनेरी गिटारच्या पुतळ्यासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथे १४ दिवस विलगीकरण झालं आणि मग सिडनीच्या उत्तरेला, टेरिगल या समुद्रकाठच्या गावात मुक्काम पडला.

बायका-मुलं मागे ऑकलंडलाच राहिली होती. ती कधी येऊ शकतील, याची खात्रीची तारीख कोणाकडेच नव्हती.

३० मे रोजी जवळच्या गॉसफर्डच्या मैदानावर वॉरियर्सचा सामना झाला. या मैदानाच्या एका बाजूला ताडामाडांसारखी उंच झाडं आणि त्यापलीकडे खाडीचं पाणी. कागदोपत्री आता हेच त्यांचं ‘घरचं मैदान’ होतं. त्या दिवशी त्यांनी सेंट जॉर्ज संघाला १८-० असं हरवलं. दोन पराभव, विलगीकरण आणि ताटातुटीनंतरचा तो पहिला विजय!

पण परक्या गावातले दिवस विजयाच्या आनंदावर निघत नाहीत. पुढे पराभव होत गेले. २० जूनला प्रशिक्षक स्टीफन कर्नी यांना पदावरून दूर करण्यात आलं आणि टॉड पेटन यांनी हंगामापुरती सूत्रं हाती घेतली. घर दूर आणि ज्यांच्या शब्दावर इथवर आले, तेही गेले. कर्णधार रॉजर तुइवासा-शेक याच्यापुढे आता मैदानाबाहेरचाही संघ सांभाळण्याचं काम होतं.

जाणारे आणि राहणारे

काही कुटुंबांना ऑस्ट्रेलियात येण्याची परवानगी मिळाली, पण सगळ्यांची गाठ पडू शकली नाही. जुलैच्या अखेरीस डेव्हिड फुसितुआ, केन माउमालो आणि त्यांचे आणखी दोन साथीदार हंगाम अर्धवट सोडून घरी निघाले. घरी म्हणजे तरी थेट कुठे? आधी न्यूझीलंडमधलं १४ दिवसांचं सरकारी विलगीकरण, मग घराचा उंबरठा.

इथे खरी कसोटी होती. अशा वेळी ‘ऐन लढाईत पळाले’ असं म्हणणं फार सोपं असतं. नोकरीच्या ठिकाणीही हेच चित्र दिसतं. मूल आजारी आहे म्हणून रजा मागणाऱ्याकडे साहेब असा काही पाहतो, की मागणाऱ्यालाच आपला गुन्हा झाल्यासारखं वाटावं. वॉरियर्सने ते केलं नाही. ज्यांना घरी जायचं आहे त्यांच्या पाठीशी आम्ही आहोत, अशी भूमिका क्लबने उघडपणे घेतली.

मग रिकाम्या जागांचं काय? एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे संघ मदतीला आले. नियम सैल करून खेळाडू उसने देण्याची सोय झाली. पॅरामाटाकडून जॉर्ज जेनिंग्स आणि डॅनियल अल्वारो आले, पेनरिथकडून जॅक हेदरिंग्टन आला. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तसे खेळाडू आणले गेले आणि संघाचा चहा गोड झाला. २७ सप्टेंबरला शेवटच्या सामन्यात वॉरियर्सने मॅनली संघाला ४०-२८ असं हरवलं. २० पैकी ८ विजय, १६ संघांत दहावा क्रमांक. पहिल्या आठात नसल्यामुळे बाद फेरी हुकली. रकान्यात हे आकडे सामान्यच दिसतात. त्या रकान्यात रात्री फोनवर ऐकलेल्या मुलांच्या आवाजांसाठी जागा नसते.

बरं, गोष्ट तिथे संपलीही नाही. २०२१ चा संपूर्ण हंगाम आणि २०२२ चा अर्धा हंगाम संघाला ऑस्ट्रेलियातच काढावा लागला. मध्ये परतीची आशा दिसली, पण पुन्हा साथ वाढली आणि सीमा मिटल्या. ज्या कर्णधाराने पहिलं वर्ष तारून नेलं, तो रॉजरही २०२१ च्या जुलैत हंगामाच्या मध्यावरच मायदेशी परतला. त्यालाही अखेर घर होतंच की!

३ जुलै २०२२ रोजी वॉरियर्स ऑकलंडच्या माउंट स्मार्ट मैदानावर उतरले. शेवटचा सामना तिथे खेळला गेला, त्याला १,०३८ दिवस झाले होते. मैदान खच्चून भरलं होतं. समोरच्या वेस्ट्स टायगर्सचा २२-२ असा पराभव झाला. त्या संध्याकाळी ते अखेर आपल्या घरच्या मैदानावर होते.

कर्तव्य आणि घर यांत मोठं काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि बहुतेक वेळा उत्तर देणारा आधीच ठरवून बसलेला असतो. वॉरियर्सच्या त्या हंगामात राहिलेल्यांनी इतरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आणि गेलेल्यांनी आपल्या मुलांना बाप परत दिला. दोघांनाही एकाच संघाने आपलं म्हटलं. घरात कोणी राहतं, कोणी जातं. जाणाऱ्याच्या मागे दार आपटलं नाही, तर परतणाऱ्याला ते उघडंच सापडतं.