निवलेला जीव

अरबीच्या तासाला सरांनी वाक्य दिले : 'युवर लेटर वॉर्म्ड माय हार्ट.' कोशातून मी ऊब शोधली, हृदय शोधले, आणि ऐटीत वही पुढे केली. सर हसले. "अरे, वाळवंटात आणखी ऊब कशाला?" त्यांनी फळ्यावर लिहिले, 'अस्लजत सद्री'. 'सल्ज' म्हणजे बर्फ. पत्राने छाती गार केली!

मला आई आठवली. १९८५ साली वडील कुवेतला होते. पत्र आले की ती म्हणे, "निवला गं बाई जीव!" उत्तर लिहिताना मी शहाणा तेवढेच गाळून 'पत्र पावले, आनंद झाला' एवढेच लिहीत असे.

त्या रात्री मात्र ते जसेच्या तसे लिहिले, तिला वाचून दाखवले. "हे कशाला लिहिलंस?" म्हणाली, पण खोडू दिले नाही.