पंचेचाळिशीनंतरचं गाणं

मैत्रिणींनो, "आता या वयात काय नवीन शिकायचं!" हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी म्हणालात? मी तर ते आठवड्यातून दोनदा ऐकते. कधी शाळेत शिक्षकखोलीत, तर कधी भिशीच्या दिवशी. आणि गंमत म्हणजे म्हणणाऱ्या बहुतेकजणी चाळिशीच्याही आतल्या! म्हणून आज तुम्हांला एका बाईची ओळख करून द्यावीशी वाटते. तिचं नाव माल्व्हिना रेनॉल्ड्स. अमेरिकेत लोकगीतांच्या वळणाची गाणी ती स्वतः रचायची, चाल लावायची आणि स्वतःच गायची. हे सगळं तिनं सुरू केलं तेव्हा तिची पंचेचाळिशी उलटून गेली होती.

माल्व्हिनाचा जन्म १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. आईवडील ज्यू आणि समाजवादी विचारांचे. पहिल्या महायुद्धाला त्यांचा विरोध होता, म्हणून शाळेनं लेकीला प्रमाणपत्रच दिलं नाही. तरी पोरगी जिद्दीची. बर्कलीच्या विद्यापीठात गेली, बी.ए. झाली, एम.ए. झाली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस भाषाशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली. पण कॉलेजात शिकवायची नोकरी काही मिळाली नाही. मंदीचा काळ, त्यात ज्यू, त्यात डाव्या विचारांची, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बाई!

मग काय केलं तिनं? संसार केला. नवरा सुतारकाम करणारा, कामगार चळवळीत वावरणारा. १९३५ मध्ये मुलगी झाली. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या कारखान्यात हातानं काम केलं. वडील गेल्यावर त्यांचं नाविकांचे गणवेश शिवायचं दुकान नवराबायकोनं सांभाळलं. डॉक्टरेट झालेली बाई गल्ल्यावर बसून मापं आणि पैसे मोजत होती.

आपल्याकडे अशा वेळी म्हणायची पद्धत आहे, "जे होतं ते बऱ्यासाठीच." मला काही ते पटत नाही. तिची ती वर्षं वायाच घालवली गेली, आणि ती तिनं नव्हे, दुसऱ्यांनी घालवली. उशिरा का होईना यश आलं, म्हणून आधीचा अन्याय गोड होत नाही. पण एक मात्र खरं, त्या वर्षांत तिनं पाहिलेलं, ऐकलेलं वाया गेलं नाही. तेच पुढं गाण्यांत आलं.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस पीट सीगर वगैरे लोकगीतं गाणाऱ्या मंडळींशी तिची ओळख झाली आणि ती स्वतः गाणी रचू लागली. नुसती हौस म्हणून नाही हं! संगीताचं शास्त्र नीट यावं म्हणून पन्नाशीत पुन्हा विद्यापीठात जाऊन बसली. आवाज काही गोड नव्हता. खरखरीत, एखादी मावशी समोर बसून समजावून सांगतेय असा. पण शब्द साधे आणि चाल अशी, की दुसऱ्यांदा ऐकताना आपणही गुणगुणू लागतो.

आणि विषय? सगळे घरातलेच. लेक बघता बघता मोठी होते, यावर तिनं दुसऱ्या दोघांच्या साथीनं रचलेलं गाणं पुढं कोडॅकच्या जाहिरातीत घरोघरी पोचलं. मुलं झोपायला कुरकुर करतात ना? तिच्या अंगाईत झोप म्हणजे आगगाडीचा प्रवास होतो आणि शेवटचं स्टेशन सकाळचं. 'मॉर्निंगटाउन राइड' हे ते गाणं १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'द सीकर्स'नी गायलं आणि इंग्लंडमध्येही गाजलं.

तिचं सगळ्यांत प्रसिद्ध गाणं 'लिटल बॉक्सेस', १९६२ सालचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला डेली सिटी नावाचं गाव आहे. तिथल्या टेकड्यांवर एकसारख्या घरांच्या रांगाच रांगा. गाडीतून जाताना ते दिसलं, गाणं सुचू लागलं, तेव्हा तिनं गाडी नवऱ्याच्या हाती दिली आणि रचायला बसली! एकाच साच्यातली घरं, एकाच साच्यातली शिक्षणं आणि त्यातून निघालेली एकाच साच्यातली माणसं, अशी त्यात थट्टा आहे. पुढच्याच वर्षी पीट सीगरनी ते गायलं आणि सगळीकडे झालं. २००५ मध्ये एका अमेरिकन मालिकेचं ते शीर्षकगीतही झालं.

खरं सांगू? अर्थ कळल्यावर मला आधी रागच आला. आमचंही घर एका रांगेतलं, शेजारच्यासारखंच, वर्षानुवर्षं हप्ते भरून घेतलेलं. डेली सिटीतही युद्धानंतर कित्येक साध्या कुटुंबांना पहिल्यांदा स्वतःचं छप्पर मिळालं होतं. त्या डब्यांची किंमत डब्यात राहणाऱ्या बाईला विचारा! पण गाणं दोनचारदा ऐकलं तेव्हा लक्षात आलं, की भिंती सारख्या असण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. आतल्या मुलांनीही सारखंच व्हावं, हा आपला हट्ट असतो ना, तो मात्र मला टोचला. माझ्या रागाशी भांडायला लावतं, म्हणून ते गाणं मला आवडतं.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते तिचं पावसाचं गाणं, तेही १९६२ चंच. त्या वेळी अणुबाँबच्या चाचण्या उघड्यावर होत. त्यातून निघणारं स्ट्राँशियम-९० नावाचं किरणोत्सारी द्रव्य पावसाबरोबर गवतावर पडायचं, गवतातून गाईच्या पोटात, तिथून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत. त्याचा गुणधर्म कॅल्शियमसारखा, म्हणून हाडं त्याला घरचंच समजतात. सेंट लुइस शहरात १९५८ च्या अखेरीपासून आयांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासणीसाठी पाठवले, पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख! या सगळ्यावर माल्व्हिनानं अगदी हळुवार गाणं केलं. त्यात बाँबचं नावसुद्धा नाही. आहे तो फक्त पाऊस, गवत आणि एक लहान मुलगा. जोन बाएझनी ते गायलं, इंग्लंडच्या 'द सर्चर्स'नीही गायलं. १९६३ मध्ये उघड्यावरच्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला. एका गाण्यानं करार होत नाही, हे मलाही कळतं. पण दुधाचं पातेलं हातात धरणाऱ्या बाईला जगाच्या कारभाराबद्दल बोलायचा हक्क आहे, हे त्या गाण्यानं किती सौम्यपणे सांगितलं!

आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी. एका मोठ्या कंपनीनं १९६७ मध्ये तिची तबकडी काढली, तरी ती तेवढ्यावर विसंबली नाही. बर्कलीत स्वतःची गाणी छापण्यासाठी 'श्रोडर म्यूझिक' आणि तबकड्यांसाठी 'कॅसांड्रा रेकॉर्ड्स' असा घरचा कारभार तिनं थाटला. आपण भोंडल्याला फेर धरून गाणी म्हणतो, ती रचणाऱ्या बायकांची नावं कुणाला ठाऊक आहेत? माल्व्हिनानं आपल्या गाण्यावर आपलं नाव राहील याची दक्षता घेतली. १७ मार्च १९७८ ला, सत्त्याहत्तराव्या वर्षी ती गेली. गाणी अजून मुलांच्या तोंडी आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, तिची गाणी फोनवर सहज मिळतात. दुपारी निवडणं-टिपणं करताना एखादं लावून बघा. आणि बाळाला झोपवताना किंवा वर्गातल्या मुलांसाठी तुम्हांला स्वतःला दोन ओळी सुचल्या, तर त्या वाणसामानाच्या यादीमागे लिहून हरवू नका. एक साधी वही करा. ओळी लिहा, खाली तारीख घाला आणि तारखेखाली आपलं पूर्ण नाव.