फटाका कुठे वाजला?

पनवेल हे वाटांचे गाव आहे. मुंबईहून पुण्याला जाणारा जुना रस्ता येथून जातो आणि जवळच पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता वेगळा होतो. २००२ साली मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्याआधी पुण्याकडे जाणाऱ्या मोटारी, ट्रक आणि एस.टी. गाड्या याच जुन्या रस्त्याने जात. रस्ता आला की बिघडलेल्या गाड्या आल्या आणि त्यांच्यामागे गॅरेजेही आली. बोरघाट चढण्याआधी ड्रायव्हर येथे थांबत, गाडीत पाणी भरत आणि इंजिनावर एक नजर टाकत. अशाच एका लहानशा गॅरेजात १९९४ साली मी एक गोष्ट शिकलो. ती होती मोटारीविषयीची, पण पुढे तिचा उपयोग मला सगळीकडे झाला.

माझे अब्बा शाळेत शिक्षक होते. त्यांनी एक जुनी फिएट विकत घेतली होती. तिचे खरे नाव प्रीमिअर पद्मिनी. पण लोक तिला फिएटच म्हणत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी बहुतेक याच जातीच्या. गाडीचे इंजिन चार सिलिंडरांचे आणि साधे. झाकण उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे.

आमच्या दादीला दर महिन्याला मुंबईच्या रुग्णालयात न्यावे लागे. त्यासाठीच ही गाडी होती. त्या वर्षी मात्र गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी ती झटकन सुरू होई. पण पंधरावीस मिनिटे धावली की गचके देऊ लागे. मग फटाका फुटल्यासारखा मोठा आवाज येई आणि गाडी बंद पडे. अर्धा तास थांबले की ती पुन्हा सुरू होई. एकदा दादी दोन तास भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिली. ती काही बोलली नाही, पण पुढच्या महिन्यात ती म्हणाली, “मला आता बरे वाटते. रुग्णालयात जायला नको.” तिला बरे वाटत नव्हते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

एका मोठ्या गॅरेजने प्लग बदलले, मग कार्बोरेटर साफ केला, मग पेट्रोलचा पंप बदलला. गुण आला नाही. शेवटी त्यांनी सांगितले, “इंजिन उघडावे लागेल.” त्याला जेवढा खर्च येणार होता, जवळजवळ तेवढेच पैसे अम्मीने आपाच्या शिक्षणासाठी जमवले होते. आपाला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायला थोडेच दिवस उरले होते.

तेव्हा शेजाऱ्यांनी एका वयस्क मिस्त्रींचे नाव सुचवले. अब्बा मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेले. मिस्त्रींनी पान्याला हातही लावला नाही. त्यांनी आधी प्रश्न विचारले.

“मास्तर, गाडी घाटातच बंद पडते की सपाट रस्त्यावरही?”

“सपाट रस्त्यावरही. पहाटेच्या गारव्यातसुद्धा.”

“म्हणजे चढणीचा आणि उन्हाचा दोष नाही. आता सांगा, फटाका कुठे वाजतो? पुढे की मागे?”

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मी मागच्या सीटवर बसत असे. मी म्हणालो, “मागे. सायलेन्सरमध्ये.”

मिस्त्रींनी मान हलवली आणि मला समजावून सांगितले. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवेत नीट मिसळलेले पेट्रोल, चांगली ठिणगी आणि ठिणगीची योग्य वेळ. पेट्रोलने सिलिंडरच्या आत जळायचे असते. ते दुसरीकडे पेटले की फटाका वाजतो. आवाज पुढून, कार्बोरेटरमधून आला, तर बहुधा पेट्रोल कमी पडत असते, व्हॉल्व्ह नीट बसत नसतो किंवा ठिणगीची वेळ चुकलेली असते. आवाज मागून आला, तर बरेचदा मधूनमधून ठिणगीच पडत नसते. मग न जळलेले पेट्रोल तसेच सायलेन्सरमध्ये जाते आणि तेथे भडकते.

“पण हा झाला अंदाज,” मिस्त्री म्हणाले. “अंदाजावर पैसे खर्च करायचे नसतात. आधी बिघाड समोर येऊ दे.”

त्यांनी गाडी सुरू केली आणि आमच्यासाठी चहा मागवला. वीस मिनिटांनी इंजिन गचके देऊ लागले, फटाका वाजला आणि गाडी बंद पडली. मिस्त्री लगेच उठले. त्यांनी कार्बोरेटर उघडून पाहिला. त्यात पेट्रोल भरलेले होते. म्हणजे पंपाचा दोष नव्हता. त्यांनी तो बंद केला, सांडलेला थेंबन्‌थेंब पुसला आणि थोडा वेळ जाऊ दिला. “पेट्रोल आणि ठिणगी एकाच वेळी उघडी ठेवायची नाही,” ते मला म्हणाले. मग त्यांनी ठिणगी तपासली. ती निळी आणि जोरदार हवी होती. पण ती पिवळट आणि बारीक होती.

आता त्यांनी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली. आत ‘पॉइंट’ नावाचे दोन लहान तुकडे असतात. ते सतत मिटतात आणि उघडतात. ते उघडले की कॉइलमधून ठिणगी निघते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांसाठी सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात! पॉइंट उघडताना वीज त्यांच्यातच उडू नये, म्हणून शेजारी कंडेन्सर लावलेला असतो. आमच्या गाडीचे पॉइंट जळून काळे पडले होते. इंजिन फिरवले की ठिणग्या तेथेच उडत होत्या. प्लगपर्यंत पुरेशी वीज पोचतच नव्हती.

मिस्त्रींनी फक्त कंडेन्सर बदलला. तो अंगठ्याच्या पेराएवढा होता. गाडी सुरू झाली आणि चालत राहिली. मला वाटले, काम झाले. पण त्यांनी इंजिन बंद करून जुना कंडेन्सर पुन्हा बसवला! गाडी पुन्हा गचके देऊ लागली. तेव्हा कुठे ते हसले. “आता खात्री झाली,” ते म्हणाले. “एका वेळी एकच भाग बदलावा. चार भाग एकदम बदलले, तर गाडी कशाने बरी झाली, ते कळत नाही.”

कंडेन्सर जुना होऊन आतून खराब झाला होता. तापला की तो काम सोडून देई आणि गार झाला की पुन्हा कामाला लागे. नवा कंडेन्सर, नवे पॉइंट आणि मजुरी धरून दोनशे रुपयेही लागले नाहीत. आम्ही शेडुंग, चौक करत खोपोलीपर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही अडली नाही. त्याच आठवड्यात आपाची फी भरली गेली. दादी पुढच्या महिन्यात रुग्णालयात गेली, तेही न कुरकुरता.

पद्मिनी तयार होणे थांबून आता बराच काळ लोटला आहे. मुंबईच्या रस्त्यावरून या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नव्या गाड्यांत पॉइंट नसतात आणि कार्बोरेटरही नसतो. बिघाड झाला, की समोर एक दिवा लागतो आणि यंत्र जोडले, की आकडा दिसतो. पण तो आकडा फक्त गल्ली दाखवतो; घर माणसालाच शोधावे लागते.

आपा पुढे परिचारिका झाली. ती आता नव्या मुलींना शिकवते. रुग्ण आला, की ती त्यांना सांगते, “आधी विचारा. कुठे दुखते? केव्हा दुखते? कशाने थांबते?” तिने ते गॅरेज कधी पाहिले नव्हते. मी मात्र तिचे हे बोलणे ऐकतो, तेव्हा मला वाटते, शहाणी माणसे कोणत्याही धंद्यातली असोत, त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो.