काळ्या मातीवरचे दगडी अंगण

लोणार परिसरात अंगणाला दगडी फरशी घालताना खरी गाठ दगडाशी पडत नाही, काळ्या मातीशी पडते. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली फरशी हलू लागते. एक कोपरा उचलतो, दुसरा खचतो.

म्हणून काम खोदाईपासून सुरू होते. प्रस्तुत लेखकाच्या अंगणाचे काम वैशाखात, माती कोरडी असताना निघाले. तरीही न्हाणीच्या भिंतीलगत ती ओली, चिकट लागली. गवंड्याने आधी न्हाणीचे पाणी दूर वळवले, मगच टिकाव चालवला. हा क्रम मोलाचा आहे: पाणी मुरत राहिले तर वरचा कोणताही भराव टिकत नाही. साधारण दीड फूट काळी माती काढून तिथे मुरूम भरतात. तो एकदम ओतत नाहीत. अर्ध्या फुटाचा थर, त्यावर पाणी, मग धुमसाने ठोकणे, आणि पुन्हा पुढचा थर. सर्वांत कंटाळवाणे काम हेच, पण अंगणाचे आयुष्य इथेच ठरते. मुरमावर खडी आणि तिच्यावर दीडेक इंच कच येते.

दगडाची निवड भूगर्भाने आधीच केलेली असते. लोणारचे विवर उल्काघाताने बेसाल्टात पडले. हा काळा पाषाण लाव्हा थिजून झालेला असल्याने त्याचे सहसा पातळ, सपाट पापुद्रे निघत नाहीत. तो घडवावा किंवा कापावा लागतो. शहाबादी फरशी चुनखडीची, थराथरांनी साचलेली, म्हणून सहज सुटते आणि परवडते. विवराच्या कडेचे दगड मात्र कोणीही उचलू नयेत. तो भाग अभयारण्यात येतो आणि २०२० पासून रामसर स्थळ आहे.

फरशी बसवताना पाण्याच्या नळीने पातळी घेतात आणि घरापासून बाहेर, मीटरला दीड सेंटिमीटर उतार ठेवून दोरी ताणतात. प्रत्येक फरशी रबरी हातोड्याने ठोकून पाहायची; पोकळ आवाज आला की उचलून खाली कच सारखी करायची. कडेला उभे दगड पुरून पक्की कड बांधली नाही तर कच बाहेर सरकते.

सांध्यांत बारीक कच झाडून भरतात. पहिल्या पावसानंतर ती खाली बसते, तेव्हा पुन्हा भरावी लागते. शहाबादीवर ॲसिड कधीच वापरू नये; लिंबाचा रस सांडला तरी चुनखडीवर पांढरट डाग पडतो. साधे पाणी आणि खराटा पुरतो.